विश्लेषण : पावसाळ्यात जुन्या कारचा हँडब्रेक जाम का होतो? तो सोडवायचा कसा?

पाऊस चार-पाच दिवस लागून राहतो. सोसायटीच्या आवारात उभी असलेली जुनी छोटी कार कुणी हलवत नाही. पाऊस उघडल्यावर मालक गाडी सुरू करतो, हँडब्रेक खाली करतो, पहिला गिअर टाकतो आणि गाडी जागची हलत नाही. किंवा हलते, पण मागून कुणी धरून ठेवल्यासारखी जड जाते. ‘हँडब्रेक जाम झालाय’ हे निदान बहुतेक वेळा बरोबर असते. मात्र पुढचे उपाय अनेकदा चुकतात. कुणी ॲक्सिलरेटर दाबून गाडी ओढून काढतो, कुणी केबलचा नट पिळतो, तर कुणी केबलच काढून टाकतो. हा दोष नेमका कशामुळे येतो, तो कसा ओळखायचा आणि कायमचा कसा घालवायचा, याचा हा आढावा.

हा त्रास जुन्या छोट्या गाड्यांतच जास्त का?

मारुती ८००, झेन, सँट्रो, इंडिका, वॅगन आर, अल्टो अशा छोट्या गाड्यांत मागच्या चाकांना ड्रम ब्रेक असतात आणि हँडब्रेक केबलने ओढला जातो. यापैकी मारुती ८००चे उत्पादन १९८३ मध्ये सुरू झाले आणि २०१४च्या जानेवारीत थांबले. म्हणजे त्यातली सर्वांत नवी गाडीही आता दहा वर्षांहून जुनी आहे. अशा गाड्या आज दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे आहेत, रोज न वापरता आठवड्यातून एकदा बाहेर निघतात आणि अनेकदा उघड्यावर उभ्या असतात.

ड्रम ब्रेक स्वस्त, टिकाऊ आणि हँडब्रेकसाठी सोयीचा आहे, हे खरे. पण तो बंद डब्यासारखा असतो. आत गेलेले पाणी आणि लायनरची भुकटी लवकर बाहेर पडत नाही. त्यात केबल आणि स्प्रिंग पंधरा-वीस वर्षांच्या असतील, तर जाम होण्याला सगळी सामग्री तयार असते.

ड्रमच्या आत नेमके काय घडते?

चालक दांडा वर ओढतो तेव्हा गाडीखालून गेलेली पोलादी तार ओढली जाते. ही तार दोन्ही मागच्या चाकांपर्यंत जाते. ड्रमच्या आत अर्धगोल आकाराचे दोन ब्रेक शू असतात आणि त्यांवर लायनर चिकटवलेला किंवा रिव्हेट मारून बसवलेला असतो. तार आतल्या एका छोट्या पट्टीला ओढते, ती पट्टी दोन्ही शू बाहेरच्या दिशेला रेटते आणि लायनर फिरत्या ड्रमला आतून घट्ट धरतो. पायाचा ब्रेकही हेच दोन शू वापरतो. फरक इतकाच की, तिथे तारेऐवजी ब्रेक ऑइलचा दाब काम करतो.

आता उलटा प्रवास पाहू. दांडा खाली केला की तार सैल होते, पण ती कुणी मागे ढकलत नाही. तार ढकलता येतच नाही. शू मागे ओढण्याचे आणि तारेला परत जागेवर नेण्याचे काम ड्रममधल्या स्प्रिंग करतात. म्हणजे ब्रेक लावायला माणसाच्या हाताचे बळ आणि ते कित्येक पटींनी वाढवणारा दांडा असतो. सोडायला मात्र फक्त स्प्रिंग. केबल थोडी गंजली तरी हाताने ती ओढली जाते, म्हणून हँडब्रेक ‘चांगला लागतो’. परत येताना मात्र स्प्रिंगचे बळ कमी पडते. हँडब्रेकच्या जवळपास सगळ्या तक्रारींचे मूळ या परतीच्या वाटेत असते.

तो अडकतो तरी कुठे?

साधारण तीन ठिकाणी. पहिले ठिकाण म्हणजे केबल. तारेवर रबर किंवा प्लास्टिकचे बाह्य आवरण असते. ते खडीच्या माराने फाटते किंवा टोकाचे रबरी बूट सुटते आणि आत पाणी-चिखल शिरतो. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, त्यामुळे आवरणातली मोकळी जागा भरून जाते आणि तार घासू लागते. कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्यावर खारी हवा हे काम आणखी वेगाने करते.

दुसरे ठिकाण ड्रम आणि लायनर यांच्यामध्ये. बहुतेक ड्रम ओतीव लोखंडाचे असतात. ओल्या लोखंडावर एका रात्रीतही गंजाचा पातळ थर चढतो. हँडब्रेक लावलेला असेल तर लायनर त्या ओल्या पृष्ठभागावर दाबून बसलेला असतो आणि मधला गंज दोघांना चिकटवून टाकतो. पाण्यातून गाडी आणून लगेच हँडब्रेक लावला, किंवा गाडी धुऊन तशीच उभी केली, की हेच होते. टाळेबंदीच्या काळात महिनोन्महिने उभ्या राहिलेल्या गाड्यांच्या अनेक मालकांनी हा अनुभव घेतला आहे.

तिसरे ठिकाण ड्रमच्या आतले सांधे. तार जिला ओढते त्या पट्टीची खीळ गंजते, शू ज्या मागच्या प्लेटवर सरकतात तिथले ग्रीस वाळते, स्प्रिंग ढिल्या पडतात किंवा तुटतात. पायाच्या ब्रेकचे व्हील सिलिंडर आतून गंजले तरीही शू मागे येत नाहीत. दोष तेव्हा हँडब्रेकचा नसतोच, पण लक्षण तेच दिसते.

दिवा विझला म्हणजे हँडब्रेक सुटला का?

नाही. हा गैरसमज महागात पडतो. डॅशबोर्डवरचा लाल दिवा दांड्याखालच्या छोट्या स्विचवर चालतो. दांडा खाली गेला की दिवा विझतो. अनेक गाड्यांत ब्रेक ऑइल कमी झाले तरी हाच दिवा लागतो. पण मागच्या चाकात लायनर ड्रमला सोडून मागे आला की नाही, हे त्या दिव्याला कळत नाही. दांडा खाली, दिवा बंद आणि चाक मात्र पकडलेले, अशी गाडी दिवसेंदिवस चालवली जाऊ शकते.

म्हणून खात्री गाडीच्या चालण्यावरून करावी लागते. सपाट रस्त्यावर न्यूट्रलमध्ये गाडी लवकर थांबते, पिकअप कमी वाटतो, पेट्रोल जास्त लागते, मागून करकर किंवा घासल्याचा आवाज येतो, थांबल्यावर करपल्याचा वास येतो. यापैकी दोन खुणा एकत्र दिसल्या तर मागची चाके तपासायलाच हवीत.

अर्धवट अडकलेला ब्रेक किती धोकादायक?

पूर्ण जाम झालेली गाडी निदान घरीच राहते. जास्त धोका अर्धवट पकडलेल्या ब्रेकचा आहे, कारण ती गाडी रस्त्यावर येते. लायनर सतत घासल्याने ड्रम तापतो. तापलेल्या लायनरची पकड कमी होते. व्हील सिलिंडरमधली रबरी सील भाजून निघते आणि ब्रेक ऑइल गळून लायनरवर पसरते. मग ते चाक ब्रेक लावल्यावर धरत नाही आणि गाडी एका बाजूला ओढते. चाकाच्या बेअरिंगमधले ग्रीसही उष्णतेने पातळ होऊन बाहेर येते.

सगळ्यांत गंभीर परिणाम ब्रेक ऑइलवर होतो. हे ऑइल हवेतले बाष्प शोषून घेते आणि जसे पाणी मुरते तसा त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. डॉट ३ प्रतीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. पाणी मुरलेल्या ऑइलसाठी हीच मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट ४ साठी हे आकडे २३० आणि १५५ आहेत. तापलेल्या ड्रमजवळचे जुने ऑइल उकळले की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. वाफ दाबली जाते, त्यामुळे पेडल खाली जाते, पण ब्रेक लागत नाही. बोरघाटात किंवा आंबोलीच्या उतारावर, जिथे ब्रेकची गरज सर्वाधिक असते, तिथेच हे घडण्याची शक्यता सर्वाधिक असते.

गाडी रस्त्यात अडकली तर काय करावे?

आधी दांड्याचे बटण दाबून तो किंचित वर घ्यावा आणि पूर्ण खाली करावा. असे पाच-सहा वेळा केल्यावर केबल काही वेळा सुटते. त्यानंतर जागा मोकळी असल्याची खात्री करून पहिल्या गिअरमध्ये क्लच हळूच सोडत गाडी जेमतेम पुढे रेटावी, मग रिव्हर्समध्ये मागे. गंजाने चिकटलेला लायनर अशा पुढे-मागे हलवण्याने ‘टक्’ आवाज करून सुटतो.

तेवढ्याने भागले नाही तर चाकांना दगड लावून, मागचे चाक काढून ड्रमच्या गोलाईवर लाकडी ठोकळा ठेवून हातोडीचे हलके ठोके द्यावेत. ठोके सर्व बाजूंनी द्यावेत. ड्रमच्या कडेवर थेट हातोडी मारू नये, ओतीव लोखंडाचा तुकडा उडतो.

ॲक्सिलरेटर दाबून गाडी ओढणे मात्र टाळावे. वर उल्लेख केलेल्या गाड्यांत इंजिनची ताकद पुढच्या चाकांना मिळते. मागची अडकलेली चाके नुसती फरफटत जातात. टायर एका जागी घासून सपाट होतो, क्लच प्लेट जळते आणि चिकटवलेला लायनर शूवरून उखडून ड्रममध्ये अडकू शकतो. केबलच्या खर्चात भागणारे काम मग क्लचच्या खर्चापर्यंत जाते. गाडी टो करायची असेल तर हँडब्रेक जाम असल्याचे आधी सांगावे. नेहमीप्रमाणे पुढची चाके उचलून नेल्यास मागची रस्त्यावर घासत जातील. अशी गाडी सपाट ट्रकवर चढवूनच न्यावी.

दोष केबलचा की ड्रमचा, हे कसे ओळखायचे?

यासाठी गॅरेजला महागडे यंत्र लागत नाही, फक्त क्रम पाळावा लागतो. गाडी सपाट, कडक जमिनीवर घ्यावी. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावावेत, कारण या तपासणीत हँडब्रेक सोडलेलाच असतो. मागची बाजू जॅकने उचलून पक्क्या स्टँडवर ठेवावी. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नये.

दांडा पूर्ण खाली करून दोन्ही मागची चाके हाताने फिरवून पाहावीत. किंचित घासल्याचा आवाज चालतो, पण चाक दोन-तीन फेरे सहज फिरले पाहिजे. दोन्ही चाके सारखीच जड असतील तर केबल जास्त ताणलेली आहे किंवा दांड्याजवळचा भाग अडकला आहे. एकच चाक जड असेल तर दोष त्याच बाजूला आहे.

मग केबलचा समायोजन नट सैल करावा किंवा त्या चाकाकडची केबल सोडवावी. चाक मोकळे झाले तर दोषी केबल. तरीही चाक पकडलेलेच राहिले तर दोष ड्रमच्या आत. ड्रमच्या मागचा ब्लीडर स्क्रू क्षणभर उघडल्यावर थोडे ऑइल उडून चाक सुटले, तर दाब आत अडकून राहत होता. अशा वेळी ऑइलचा जुना रबरी पाइप तपासावा. तो आतून फुगला की ऑइल जाऊ देतो, पण परत येऊ देत नाही. ब्लीडर उघडल्यानंतर ब्रेकमधली हवा काढणे मात्र अनिवार्य आहे.

गॅरेजमध्ये नेमके कोणते काम करून घ्यावे?

केबल गंजली असेल तर ती बदलणे हाच उपाय. वरून तेल सोडल्याने ती चार दिवस मोकळी होते, पण फाटक्या आवरणातून पुन्हा पाणी शिरते. दोन्ही बाजूंच्या केबल वेगळ्या असतील तर दोन्ही एकदम बदलाव्यात. एक नवी आणि एक जुनी असली की दोन चाकांना सारखा ताण मिळत नाही.

ड्रम उघडल्यावर लायनरची भुकटी कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नये. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते आणि त्याची धूळ फुप्फुसाला घातक आहे. ब्रेक क्लीनरने किंवा ओल्या फडक्याने ती पुसून घ्यावी. ऑइलने भिजलेला लायनर धुऊन पुन्हा वापरता येत नाही. दोन्ही चाकांचे शू एकत्र बदलावे लागतात. शू ज्या ठिकाणी प्लेटवर टेकतात तिथे आणि पट्टीच्या खिळीवर उष्णता सोसणारे ब्रेक ग्रीस अगदी थोडे लावावे. लायनरवर त्याचा ठिपकाही पडता कामा नये. स्प्रिंग ढिल्या वाटल्या तर त्याच वेळी बदलून घ्याव्यात. ड्रम लेथवर घासायचा असेल तर त्यावर कोरलेली कमाल व्यासाची मर्यादा पाहावी. काही छोट्या गाड्यांत ड्रम थेट बेअरिंगवर बसतो. तिथला नट ठरलेल्या ताणानेच आवळून लॉक करावा लागतो, म्हणून हे काम जाणकार मेकॅनिककडूनच करून घ्यावे.

शेवटचा टप्पा समायोजनाचा आणि चूक इथेच जास्त होते. दांडा फार वर येतो म्हणून थेट केबलचा नट पिळला, की शू कायम अर्धवट बाहेर राहतात. झिजलेल्या लायनरची भरपाई केबल ताणून करता येत नाही. योग्य क्रम असा : आधी केबल पूर्ण सैल, मग शू आणि ड्रममधले अंतर नीट करणे, त्यानंतर पायाचा ब्रेक अनेकदा दाबून शू जागेवर बसवणे आणि सर्वांत शेवटी केबल आवळणे. दांडा किती ‘टक्’वर घट्ट व्हावा हे गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते, छोट्या गाड्यांत तो साधारण चार ते आठ असतो.

केबल काढून टाकली तर काय बिघडते?

‘गिअरमध्ये उभी करा, हँडब्रेक कशाला’ असे म्हणून केबल सोडून देण्याचा सल्ला काही ठिकाणी मिळतो. पार्किंग ब्रेक हा वाहनाच्या कायदेशीर ब्रेक यंत्रणेचा भाग आहे. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी नूतनीकरण करताना तपासणी होते, तेव्हाही ब्रेक पाहिले जातात. पण खरा प्रश्न त्या एका दिवसाचा आहे. गिअर फक्त इंजिनच्या दाबावर गाडी धरतो. जुन्या इंजिनचे कॉम्प्रेशन कमी झालेले असेल तर उतारावर गाडी हळूहळू सरकते. आत बसलेल्या मुलाचा हात लागून गिअर न्यूट्रलला आला, तर धरायला काहीच उरत नाही. शिवाय पायाचा ब्रेक निकामी झालाच, तर हाताशी असलेला हा एकमेव दुसरा ब्रेक आहे.

पुन्हा जाम होऊ नये म्हणून काय करावे?

पाण्यातून आल्यावर किंवा गाडी धुतल्यावर उभी करण्याआधी शे-दोनशे मीटर हळू चालवत पायाचा ब्रेक हलका दाबत राहावा. त्या उष्णतेने ड्रम आणि लायनर कोरडे होतात. गाडी काही दिवस हलणार नसेल आणि जागा सपाट असेल, तर हँडब्रेक न लावता ती पहिल्या गिअरमध्ये ठेवावी आणि चाकांना पुढून-मागून ठोकळे किंवा दगड लावावेत. निघताना ते दगड रस्त्यावर सोडू नयेत. उतारावर मात्र हँडब्रेक लावलाच पाहिजे. तिथे गाडीचे तोंड चढाकडे असेल तर पहिला आणि उताराकडे असेल तर रिव्हर्स गिअर टाकावा, तसेच पुढची चाके कठड्याकडे वळवावीत.

याचा अर्थ हँडब्रेक वापरूच नये असा नाही. महिनोन्महिने न ओढलेली केबल एका जागी गंजते. रोजच्या वापरात तो लावत-सोडत राहणे हीच त्याची देखभाल. पावसाळ्याआधी एकदा केबलचे आवरण आणि रबरी बूट पाहून घ्यावेत, पावसाळ्यानंतर ड्रम उघडून साफ करून घ्यावेत. ब्रेक ऑइल पुस्तिकेत सांगितलेल्या मुदतीत, साधारण दर दोन वर्षांनी बदलावे.

दुरुस्तीनंतर एक सोपी चाचणी करावी. मोकळ्या रस्त्यावर, ब्रेकचा कमीत कमी वापर करत पाच-सहा किलोमीटर गाडी चालवावी आणि थांबल्यावर मागच्या दोन्ही चाकांजवळ हात न्यावा, टेकवू नये. दोन्हीकडची ऊब सारखी आणि सौम्य असेल तर काम नीट झाले आहे. एका बाजूने धग जाणवली तर तो ब्रेक अजून सुटलेला नाही. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नये, त्याने तो तडकू शकतो. गाडी थंड होऊ द्यावी आणि तिथूनच गॅरेजला परत न्यावी. तोवर घाटातला प्रवास टाळावा.